जहाजाचा वाटाड्या आणि सवयीचा धोका

कळंबोलीच्या पोलाद बाजाराभोवती धावणाऱ्या कंटेनर ट्रेलरांचे दळणवळण न्हावा-शेवा बंदरावर अवलंबून असते. समुद्रातील एका चुकीची झळ जमिनीवरील व्यवहाराला कशी बसते, हे ७ ऑगस्ट २०१० रोजी दिसले. त्या दिवशी मुंबईच्या समुद्रात 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले, दोनशेहून अधिक कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले आणि मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस खोळंबली.

अशा अरुंद, गर्दीच्या मार्गातून जहाज सुखरूप नेण्यासाठी बंदराचा पायलट जहाजावर चढतो. भरती-ओहोटी, प्रवाह, गाळ आणि मासेमारी नौकांचा वावर यांची त्याला जाण असते. मात्र, तो असला तरी कप्तानाची जबाबदारी संपत नाही.

धोक्याची पहिली पायरी दोरीच्या शिडीवर असते. चालत्या बोटीतून हेलकावणाऱ्या जहाजावर पायलट चढतो. ही चढाई ९ मीटरपेक्षा अधिक असल्यास दोरीच्या शिडीला जहाजाच्या तिरक्या जिन्याची जोड द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरीही सदोष शिड्या आढळतात आणि पायलट त्यांवरून चढतातही. जहाज खोळंबले, तर धक्क्याचे वेळापत्रक कोलमडते. शिवाय 'आजवर काही झाले नाही' हा अनुभव पाठीशी असतो.

खरी मेख येथेच आहे. हजार फेऱ्या निर्विघ्न झाल्या, की धोका कमी झाला असे मनाला वाटू लागते. प्रत्यक्षात धोका तेवढाच असतो. त्याची जाणीव मात्र बोथट होते. अनुभवी माणसालाही या भ्रमापासून सुटका नाही.

म्हणूनच सुरक्षेची संस्कृती व्यक्तीच्या धाडसावर उभी राहू शकत नाही. जहाजावर येताच पायलट व कप्तानाने जहाजाची खोली, वेग आणि नियोजित मार्ग यांची माहिती एकमेकांना द्यावी. शंका आल्यास कनिष्ठ अधिकाऱ्यानेही ती बोलून दाखवावी. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद शिक्षेच्या भयाविना व्हावी, हे तिचे आधार होत. सदोष शिडी नाकारणाऱ्या पायलटाला बंदर प्रशासनाने पाठबळ दिले, तरच त्या नकाराला अर्थ उरतो. एका जहाजाचा तासभर विलंब परवडतो. बंद पडलेले बंदर कोणालाच परवडत नाही.