भिंतीत उघडलेली खिडकी

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. बादलीचं तोंड कसं असतं?

"गोल!" तुम्ही लगेच सांगाल. अगदी बरोबर. पण एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करताना तुम्ही बादलीचं तोंड चांगलं गरगरीत गोल काढलंत, तर चित्रकलेचे सर काय म्हणतात? "अरे, लंबगोल काढ, लंबगोल! तुला दिसतंय तसं काढ."

आली की नाही पंचाईत? बादली गोल आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. समोर ठेवली की तिचं तोंड दिसतं मात्र लंबगोल. मग कागदावर काय उतरवायचं? ठाऊक असलेलं, की डोळ्यांना दिसणारं?

हा प्रश्न काही तुमच्या सरांनी शोधून काढलेला नाही, बरं का! युरोपातले चित्रकार शेकडो वर्षं त्याच्याशी झटत होते. त्या खटपटीतून त्यांनी सपाट भिंतीत चक्क एक खिडकी उघडली. आणि गंमत अशी, की पुढे चार-पाचशे वर्षांनी त्यांच्याच वारसदारांनी ती आपण होऊन मिटली. हे सगळं कसं घडलं, तीच गोष्ट आज ऐकू या.

जो थोर, तो मोठा!

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात उफिझी नावाचं प्रसिद्ध संग्रहालय आहे. तिथे चिमाबुए या चित्रकाराचं, साधारण सातशे वर्षांपूर्वीचं एक भलंमोठं चित्र आहे. सिंहासनावर मेरी बसली आहे, मांडीवर बाळ येशू आहे आणि दोन्ही बाजूंना देवदूत आहेत. मागे आकाश नाही, झाड नाही, घर नाही. आहे ते फक्त झळझळीत सोनं. मेरी देवदूतांच्या मानाने कितीतरी मोठी आहे आणि देवदूत एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात.

"हे काय? याला चित्र काढता येत नव्हतं की काय?" असं म्हणायची घाई करू नका. चिमाबुए आपल्या काळातला नामांकित चित्रकार होता. पण त्याला खोलीत बसलेली बाई दाखवायचीच नव्हती. त्याला दाखवायची होती सर्वांत पूज्य अशी माता. जो थोर, तो आकाराने मोठा, हा हिशेब सरळ होता. मेणबत्त्यांच्या उजेडात तो सोन्याचा वर्ख लखलखायचा आणि चर्चमध्ये आलेल्या माणसांचे हात आपोआप जोडले जायचे. चित्राचं काम फत्ते!

त्याच दालनात जॉत्तो या चित्रकाराची मेरी आहे. ती चिमाबुएच्या चित्रानंतर थोड्याच वर्षांनी रंगवलेली. मागचं सोनं तेच, विषयही तोच. पण ही मेरी सिंहासनावर खरोखर बसली आहे. कपड्यांआडून तिचे गुडघे जाणवतात. तिला वजन आहे.

हाच जॉत्तो पादुआ गावातल्या एका छोट्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवायला गेला. १३०५ च्या सुमारास त्या पूर्ण झाल्या. तिथल्या एका चित्रात येशूच्या मृतदेहाभोवती त्याची माणसं शोक करताहेत. पुढे दोन माणसं आपल्याकडे चक्क पाठ करून बसली आहेत! त्यांचे चेहरे आपल्याला दिसतच नाहीत. पण त्या वाकलेल्या पाठी पाहूनच त्यांच्या मनात काय चाललंय ते कळतं. आणि आपल्याला वाटतं, आपणही त्या माणसांच्या मागे, त्याच जमिनीवर उभे आहोत.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा आणि तो वाळायच्या आत काम उरकायचं. रंग गिलाव्यात मुरतो आणि भिंतीचाच होऊन जातो. चूक झाली तर? खोडरबर चालत नाही. तेवढा गिलावा खरवडायचा आणि पुन्हा लावायचा!

मसुरीच्या दाण्याएवढं भोक

जॉत्तोची माणसं खरी वाटू लागली, पण त्याची घरं अजून खेळण्यातल्यासारखी होती. लांबची वस्तू नेमकी किती लहान काढायची, याचा नियम कुणालाच ठाऊक नव्हता. तो शोधला ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पकाराने. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरचा प्रचंड घुमट बांधणारा तो हाच.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने एक प्रयोग केला. कॅथीड्रलच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीचं चित्र त्याने एका लाकडी फळीवर काढलं. फळीला मसुरीच्या दाण्याएवढं भोक पाडलं. आता फळीच्या मागच्या बाजूने भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हाताने समोर आरसा धरायचा. आरशात दिसे ते चित्र. आरसा बाजूला केला, की दिसे खरी इमारत. दोन्ही अगदी सारखी! आकाशाच्या जागी तर त्याने घासून चकचकीत केलेली चांदी लावली होती. तिच्यात खरे ढग सरकताना दिसत. ती फळी आता उरलेली नाही, पण तिचं वर्णन त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे.

यामागचं तत्त्व तुम्ही रोज पाहता. सरळ रस्त्याच्या मधोमध उभे राहा. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जाता जाता जवळ येतात आणि शेवटी एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. तो लोपबिंदू. तो असतो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. चित्रात आधी तो बिंदू ठरवायचा आणि मागे जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा तिथे न्यायच्या. यालाच यथार्थदर्शन म्हणतात.

मासाच्चो नावाच्या तरुण चित्रकाराने हे तंत्र लगेच उचललं. फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर त्याने क्रुसावरचा येशू रंगवला आणि त्याच्यावर कमानदार छत दाखवलं. छतावरचे चौकोन मागे मागे लहान होत जातात. आजही चित्रासमोर उभं राहिलं, की भिंतीपलीकडे एक खोली आहे असंच वाटतं. रेषा आखण्यासाठी त्याने गिलाव्यात ओढलेले ओरखडे अजून दिसतात. मासाच्चो वारला तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता.

पुढे १४३५ मध्ये आल्बर्ती या विद्वानाने चित्रकलेवर पुस्तक लिहिलं आणि त्यात चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली. हीच ती आपली खिडकी!

तेल, आरसा आणि अंधार

खिडकी उघडली. आता तिच्यातून काय काय दिसावं?

तोवर लाकडी फळीवर रंगवताना रंग बहुधा अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवत. तो झटकन वाळतो. युरोपच्या उत्तरेकडच्या चित्रकारांनी जवसाच्या तेलासारख्या तेलात रंग कालवण्याची कला फार पुढे नेली. तेल सावकाश वाळतं. त्यामुळे पातळ थरावर थर देत मखमलीची लव आणि पितळेची चकाकीसुद्धा दाखवता येते. यान व्हॅन आयक या चित्रकाराने १४३४ मध्ये एका व्यापाऱ्याचं आणि त्याच्या पत्नीचं चित्र काढलं. चित्राची उंची मीटरभरसुद्धा नाही. त्यात मागच्या भिंतीवर एक फुगीर आरसा आहे. त्या चिमुकल्या आरशात अख्खी खोली उलट्या बाजूने दिसते आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसंही!

लिओनार्दो दा विंचीने आणखी एक गोष्ट हेरली. चेहऱ्याला कुठे रेघ नसतेच. उजेड हळूहळू सावलीत विरत जातो. 'मोनालिसा'च्या ओठांचे कोपरे त्याने असेच धूसर ठेवले. म्हणून तर ती हसते आहे की नाही, यावर आजही वाद चालतो.

हॉलंडच्या रेम्ब्रांने अंधाराचाच उपयोग केला. बहुतेक चित्र काळोखात ठेवायचं आणि उजेड नेमका पाडायचा तो कपाळावर, नाहीतर थकलेल्या हातावर. या रेम्ब्रांची एक गोष्ट आपल्याला विशेष जवळची आहे. हिंदुस्थानातली मुघल लघुचित्रं ॲम्स्टरडॅमपर्यंत पोचली होती. त्याने ती समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली. त्यांत शाहजहानही आहे. उजेड-अंधाराचा एवढा उस्ताद, पण ज्या चित्रांत सावल्यांचा खेळ जवळजवळ नव्हता, ती शिकण्यासारखी आहेत असं त्याला वाटलं! मोठी माणसं अशी असतात.

कॅमेरा आला आणि...

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. हुबेहूब चित्र! तेही यंत्राने! मग चित्रकारांनी काय करायचं?

काही तरुणांनी ठरवलं, यंत्राला जे जमत नाही ते आपण करू. रंग, आणि क्षणाक्षणाला बदलणारा उजेड. कथलाच्या नळ्यांत भरलेले तयार रंग १८४१ नंतर मिळू लागले होते. रंगपेटी उचलून नदीकाठी जाणं त्यामुळे सोपं झालं. त्या काळी पॅरिसला दरवर्षीच्या सरकारी प्रदर्शनात चित्र लागलं, तरच चित्रकाराला मान आणि गिऱ्हाईक मिळे. या तरुणांची चित्रं तिथे वारंवार नाकारली गेली. शेवटी १८७४ मध्ये त्यांनी स्वतःचंच प्रदर्शन भरवलं. कुठे? एका छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत! त्यांत क्लोद मोने होता आणि बर्थ मोरिझो ही चित्रकर्तीही होती. तिला तर पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेशच मिळाला नसता. ती दारं मुलींसाठी १८९७ मध्ये उघडली.

मोनेच्या एका चित्राचं नाव होतं 'इंप्रेशन, सूर्योदय'. एका टीकाकाराने त्यावरून सगळ्यांनाच 'इंप्रेशनिस्ट' म्हणून हिणवलं. त्यांनी ते नाव हसत हसत घेतलं. हाच मोने पुढे एका चर्चच्या दर्शनी भागासमोर बसला आणि त्याची तीसपेक्षा जास्त चित्रं काढली. सकाळचं वेगळं, भर दुपारचं वेगळं, धुक्यातलं वेगळं. चर्च तेच, उजेड निराळा.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानेही सुरुवातीला यथार्थदर्शन घोटून घोटून शिकलं. दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट करून घेऊन तो तिच्यातून पाहत चित्रं काढी. पण १८८८ मध्ये आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढताना त्याने वस्तूंच्या सावल्या मुद्दाम गाळल्या आणि जपानी चित्रांसारखे सपाट रंग भरले. का? त्याला खोली कशी दिसते ते सांगायचं नव्हतं. दमून आल्यावर तिथे मिळणारी विश्रांती सांगायची होती. दोन वर्षांनी, सदतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या हयातीत त्याची चित्रं घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नव्हतं.

आणि पाब्लो पिकासो? पंधराव्या वर्षी त्याने एका आजारी बाईच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरांचं मोठं तैलचित्र रंगवलं होतं, अगदी हुबेहूब. म्हणजे हात तयार होता. पण १९०७ मध्ये त्याने समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यावर बाजूने दिसणारं नाक काढलं! त्याचे मित्रसुद्धा चक्रावले. मग त्याने आणि ब्राक या चित्रकाराने मिळून घनवाद नावाची नवी वाट काढली. त्यांच्या चित्रांत पेला पुढून दिसतो आणि त्याच वेळी त्याचं तोंड वरून पाहिल्यासारखं गोलही दिसतं.

म्हणजे काय झालं, आलं का लक्षात? सर ज्याला चूक म्हणाले, ते तुमच्या बादलीचं गोल तोंड पुन्हा चित्रात आलं! खिडकी मिटली होती.

मग बरोबर कोण?

चिमाबुए बरोबर, मासाच्चो बरोबर, पिकासोही बरोबर. प्रत्येकाला सांगायचं होतं ते निराळं होतं. आपल्या शाळांतून जी चित्रकला शिकवली जाते, तिच्यावर युरोपच्या त्या खिडकीची मोठी छाप आहे. मुंबईला १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि तिथून ती पद्धत आपल्याकडे रुजली. ती जरूर शिका. परीक्षेत लंबगोलच काढा, नाहीतर मार्क जातील! पण हुबेहूब काढता येणं हा चित्रकलेचा एक गुण झाला. तो एकच गुण नव्हे.

हे जरा आईबाबांनाही वाचून दाखवा. धाकट्या बहिणीने घरापेक्षा उंच आई काढली, तर "अगं, आई एवढी मोठी असते का?" असं विचारण्याआधी थोडं थांबावं. तिच्या हिशेबात असते!

करून पाहा

१. खिडकीच्या काचेसमोर उभे राहा. एक डोळा मिटा. डोकं अजिबात हलवू नका. साबणाच्या वडीच्या कोपऱ्याने समोरच्या इमारतीच्या कडा काचेवरच गिरवा. मग पट्टी लावून मागे जाणाऱ्या रेषा वाढवा. त्या कुठे मिळतात? (काच नंतर पुसून ठेवायला विसरू नका!)

२. आता तेच दृश्य कागदावर काढा, पण नियम बदला. तुम्हाला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते सर्वांत मोठं. कोपऱ्यावरचा भेळवाला इमारतीपेक्षा उंच झाला तरी हरकत नाही.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, यातलं खरं कोणतं?