पिशवीत मावणारं चित्रयंत्र

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यासमोर बसून त्याच्या अर्धगोल खिडक्या यंत्राकडून कागदावर काढून घ्यायच्या, तर यंत्र खांद्यावरच्या पिशवीत मावलंच पाहिजे. जड रुळांचा प्लॉटर इथे बाद! मला आवडतो तो लटकत्या पेनाचा प्रकार: फळीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत स्टेपर मोटर, त्यांच्या पट्ट्यांना टांगलेलं पेन. स्वित्झर्लंडमध्ये युर्ग लेनी आणि उली फ्रांके यांनी २००२मध्ये याच तत्त्वावर स्प्रेने रंगवणारं 'हेक्टर' बनवलं.

खरी मजा गणितात. पेनाची जागा दोन पट्ट्यांच्या लांबीवरून ठरते, म्हणजे पायथागोरस दोनदा! म्हणून सरळ रेघसुद्धा बारीक तुकड्यांत काढावी लागते, नाहीतर ती वाकते. वरच्या कडेजवळ पट्टे आडवे होऊन ताण प्रचंड वाढतो; तिथे चित्र नेऊच नका.

दोरी म्हणून तंगूस घेऊ नका, ती ताणली जाते. काचतंतूंचा जीटी-२ पट्टा घ्या. दाते २ मिमी अंतरावर, पुली २० दात्यांची, मोटर एका फेरीला २०० पावलांची, प्रत्येक पावलाचे १६ भाग: मिलिमीटरला नेमकी ८० सूक्ष्म पावलं.

वजन आणखी घटवायचं असेल तर २८बीवायजे-४८ ही चिमुकली मोटर बघा. हळू चालते, पण ५ व्होल्टच्या पॉवर बँकेवर भागतं.