तगाई, अनुदान, सन्मान

शेतकऱ्यास शासनाकडून मिळणाऱ्या पैशाला मराठीत कालक्रमाने तीन शब्द लाभले आहेत. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्यान्वये बियाणे व बैल यांसाठी मिळे ती 'तगाई'. ती फेडावी लागे. पुढे 'अनुदान' आले. त्यात फेड नाही. मात्र ते बहुधा खत, ठिबक संच अशा वस्तूशी बांधलेले असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'पंतप्रधान किसान सन्मान निधी'त वर्षाकाठी ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर जमा होतात. तिचा सतरावा हप्ता १८ जून २०२४ रोजी येथून, वाराणसीहूनच, वितरित झाला.

'सन्मान' या शब्दाने उपकाराची छटा टाळली आहे, हे खरे. परंतु हा सन्मान मिळतो तो जमिनीच्या नोंदीवरून. ती नोंद इकडे खतौनीत, महाराष्ट्रात सातबाऱ्यावर. इकडे 'अधिया'वर किंवा आपल्याकडे अर्धेलीने दुसऱ्याचे शेत कसणारा भूमिहीन नांगर धरूनही लाभार्थी ठरत नाही. शासकीय भाषेत 'शेतकरी' म्हणजे 'जमीनधारक' हा अर्थ कायम असेतो नवे नाव अपुरेच राहील.