हाडांत दडलेले शिसे

नेहमीच्या क्ष-किरण चित्रात हाडाची सावली उमटते. हाड कोठे मोडले, कोठे झिजले, हे तीवरून कळते. त्यात कोणते मूलद्रव्य साठले आहे, हे मात्र कळत नाही. ते सांगणारी पद्धत म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती. पूर्वी दुकानदार रुपया दगडावर आपटून नादावरून त्याची पारख करीत, तसाच हा प्रकार. किरणांच्या आघाताने अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन निसटतो, बाहेरचा त्याच्या जागी उतरतो आणि उतरताना नवा क्ष-किरण सोडतो. कॅल्शियमच्या किरणाची ऊर्जा वेगळी, शिशाची वेगळी. हाडाच्या पातळ कापावरून सूक्ष्म किरणशलाका फिरवली, की मूलद्रव्यांचा नकाशाच तयार होतो. ऑस्ट्रियातील संशोधकांना २००६ साली अशा नकाशात, सांध्याची कूर्चा हाडाला मिळते त्या सीमेवर शिसे एकवटलेले दिसले.

शिशाशी आपला काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु आपल्या उमेदीच्या काळात पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. भारतात ते २००० साली थांबले. जुने तैलरंग, बॅटरीचे कारखाने, छापखान्यातील खिळे यांतही शिसेच होते. शरीर त्याला कॅल्शियमसारखे वागवते व हाडांत ठेवून देते. प्रौढाच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे तेथेच असते. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्मे होते. हाडांतील मात्र कित्येक दशके टिकते. रजोनिवृत्तीनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळल्यावर हाड विरळ होते, तेव्हा हा साठा पुन्हा रक्तात उतरतो.

अमेरिकेत बोस्टन येथे १९६३ पासून चाललेल्या वार्धक्याच्या अभ्यासात ज्येष्ठ पुरुषांच्या नडगीतील व गुडघ्याच्या वाटीतील शिसे याच पद्धतीने मोजण्यात आले. सुई नाही, काप नाही. सुमारे अर्धा तास स्वस्थ बसायचे, एवढेच. ज्यांच्या हाडांत शिसे अधिक, त्यांच्यात उच्च रक्तदाब व बुद्धीची घसरण अधिक आढळली.

ही मोजणी प्रामुख्याने संशोधनासाठी होते. गल्लीतल्या प्रयोगशाळेत तिची चौकशी करू नये. शंका असल्यास डॉक्टर रक्तातील शिसे तपासतात. वडीलधाऱ्यांनी छापखान्यात किंवा बॅटरीच्या कारखान्यात काम केले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. न विचारता ही माहिती कागदावर येत नाही. हाडांच्या विरळपणावरील उपचार टाळू नयेत. खात्री नसलेली भस्मे घेऊ नयेत, आणि शिसे उतरवण्याची औषधे तर मनाने मुळीच सुरू करू नयेत.