गुंजभर दारू आणि एक कागद

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. इंदुरातच वाढलेला मुलगा; गेली काही वर्षे महूकडे नेमबाजीच्या सरावास जातो. फराळ चालू असताना त्याने खिशातून घडी केलेला एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. कागदावर पाच छिद्रे होती आणि ती सगळी कोटाच्या एका गुंडीखाली झाकली गेली असती. आम्ही कौतुक करणार, तोच तो म्हणाला, "सर, या कागदानेच मला बुडविले."

हकिकत अशी. ५० मीटरच्या रायफलीत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. (कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले ते याच अंतरावर.) एकाच कारखान्याच्या काडतुसांचे निरनिराळे घाणे एकाच नळीतून निरनिराळे वागतात. म्हणून नेमबाज प्रत्येक घाण्यातील थोडी काडतुसे झाडून पाहतो व जो घाणा आपल्या नळीस मानवेल तो विकत घेतो. या मुलाने प्रत्येक घाण्याच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या, हा कागद सर्वांत देखणा निघाला आणि वडिलांनी पतपेढीतून काढलेल्या कर्जावर त्याने पेटीच घेतली. निवड चाचणीत मात्र गोळ्या पांगल्या व नाव थोडक्यात हुकले.

"स्वतः भरता आली असती तर!" तो म्हणाला. ते शक्य नव्हते. या लहान काडतुसात पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या काठातच असते, त्यामुळे ती पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याविना काडतुसे बनविता येत नाहीत. पण जेथे ही मुभा आहे, त्या अमेरिकेतील हातभरणीचा इतिहास आम्ही हौसेने वाचलेला असल्याने तो त्यास सांगितला.

मोठ्या रायफलीच्या काडतुसाचे अवयव चार : पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. उडालेल्या पुंगळीत नवी टोपी, तोललेली दारू व नवी गोळी बसविली की काडतूस पुन्हा सिद्ध होते. दारू ग्रेनमध्ये तोलतात. आपल्या जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन व ९६ गुंजा. म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जड. हातभरणी करणारा चोखंदळ नेमबाज पाव गुंजेच्या फरकानेही बेचैन होतो. सोनाराला हे सांगावयास नको! आणि ही बेचैनी अनाठायी नव्हे. आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट चढू शकतो. म्हणून छापील कोष्टकातील कमी मापापासून आरंभ करावयाचा, थोडेथोडे वाढवावयाचे आणि टोपी चेपटू लागली किंवा खटका जड उघडू लागला की तेथेच थांबावयाचे.

जुन्या काळी हॅरी पोप (१८६१–१९५०) हे नळ्यांचे नामांकित कारागीर होते. त्यांच्या पद्धतीने नेम धरणारे अनेकदा संपूर्ण सामना एकाच पुंगळीवर खेळत. गोळी तोंडाकडून नळीत सरकवावयाची व तीच पुंगळी दर वेळी भरून मागून घालावयाची. पुंगळी बदललीच नाही, तर तिच्यामुळे फरक पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

याच काळात मॅसॅच्युसेट्समध्ये वैद्यकी शिकलेले फ्रँकलिन मॅन यांना एका कोड्याने पछाडले : सर्व काही समान ठेवूनही गोळ्या एकाच छिद्रातून का जात नाहीत? माणसाचा हात वगळण्यासाठी त्यांनी काँक्रीटचा अवजड ओटा बांधून नळी त्यावर ठेवली, वाटेत कागदाचे पडदे उभारून गोळीचा मार्ग तपासला. गोळ्या मुद्दाम विद्रूप करूनही पाहिल्या. नाक बिघडविले तर फारसे बिघडत नाही, बूड बिघडले की गोळी भरकटते, असे आढळले. नळीतून सुटताना मागचा वायू बुडालाच ढकलीत असतो ना! वर्षानुवर्षांचा हा खटाटोप १९०९ साली त्यांनी ग्रंथरूपाने मांडला. फसलेले प्रयोगही त्यात आहेत, आणि आम्हांस त्यांचेच अधिक अप्रूप वाटते.

"पण माझे काय चुकले?" मुलाने विचारले. आम्ही पाटी-पेन्सिल घेतली. (मास्तरकी जात नाही.) बंदूक व काडतूस तेच असता तीन गोळ्यांचा पसारा सरासरी एक इंच येत असेल, तर दहांचा सुमारे दीड इंच येतो, काहीही बिघडलेले नसताना. थोड्या गोळ्यांचा कागद पुष्कळदा दैवयोगानेच सुरेख दिसतो. शिवाय दहा घाणे तपासून त्यांतला सर्वांत सुंदर कागद निवडला, तर घाणा निवडला की योगायोग, हे सांगता येत नाही. एका चाचणी परीक्षेवरून वर्गातला पहिला ठरविण्याची चूक आम्हीही उमेदीच्या काळात केली आहे. त्या मुलाच्या पालकांचा चेहरा अजून आठवतो.

"मग पेटी वाया गेली?" त्याचा स्वर उतरला होता.

"अरे, तेही अजून ठरलेले नाही. वाईट दिवसही एकच होता."

अखेर असे ठरले की त्या पेटीतील चाळीस गोळ्या व मित्राकडील दुसऱ्या घाण्यातील चाळीस, दहा-दहांच्या पाळ्या करून, आलटून पालटून एकाच सकाळी झाडावयाच्या. वाऱ्याची व उन्हाची नोंद शेजारी करावयाची आणि एकही कागद फाडून टाकावयाचा नाही. वहीचे रकाने आम्ही आखून दिले. निघताना तो देखणा कागद त्याने टेबलावरच ठेवला. आम्ही तो परत देऊ लागलो, तेव्हा म्हणाला, "तुमच्याकडेच असू द्या सर. माझ्याजवळ असला की मी सारखा त्याच्याकडेच बघतो."