आजोबांची पिशवी

मुलांनो, पावसाळ्यात तुमच्या घरातले एखादे दार अडकते का? रात्री छपरातून टप टप पाणी गळू लागते आणि आई अंधारात चाचपडत पातेले शोधते, असे कधी झाले आहे का? आमच्या घरी दोन्ही होते. आणि मग आमच्याकडे एकच वाक्य ऐकू येते, “अण्णांना फोन लावा!”

अण्णा म्हणजे माझे वडील, माझ्या मुलांचे आजोबा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते आणि माझी आई गावी राहतात. आम्ही राहतो तालुक्याच्या ठिकाणी, एका जुन्या कौलारू घरात. वर्षातून चार वेळा दोघे एस.टी.ने येतात. आईच्या हातात फणसाची नाहीतर कुळथाच्या पिठाची पिशवी, आणि अण्णांच्या खांद्याला खाकी कॅनव्हासची पिशवी. त्यात हातोडी, पक्कड, पटाशी, छोटा रंधा, ओळंबा, सुतळीचा गुंडा, पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि एक वही.

पूर्वी वडील लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पीत नसत, बरं का! अण्णा हसून म्हणतात, “मी इथलं पाणी पितो आणि गळणारं पाणी थांबवतो. फिट्टंफाट!” पासष्टी ओलांडली की एस.टी.त तिकीट अर्धे लागते. त्यावरही त्यांचे ठरलेले वाक्य आहे, “तिकीट अर्धं, काम पुरं.”

या चार फेऱ्यांत मी स्वतः जे शिकले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आषाढ : फक्त बघायचे

पहिल्या वर्षी आमच्या पलंगावर पाणी गळू लागले. माझ्या यजमानांनी बरोबर त्याच्या वरचे कौल बदलून घेतले. पुन्हा पाऊस आला आणि पुन्हा तिथेच टप टप! आम्ही कौलवाल्याला नावे ठेवली.

अण्णा आले. भर पावसात बॅटरी घेऊन ते पोटमाळ्यावर बसले आणि अर्ध्या तासाने त्यांनी मला हाक मारली. वर पाहते तर काय, फुटके कौल होते चांगले चार हात वरच्या बाजूला, आढ्याजवळ. तिथून आत शिरलेले पाणी वाशाच्या पोटाला धरून घरंगळत येत होते. मध्येच एक गाठ लागली की तिथून खाली टपकत होते. गळते एकीकडे आणि फुटलेले असते दुसरीकडे!

अण्णांनी त्या जागी वाशावर खडूने फुली मारली, वहीत तारीख लिहिली आणि खाली उतरले. मी विचारले, “दुरुस्त नाही करणार?” ते म्हणाले, “ओल्या कौलावर पाय ठेवायचा नसतो. पावसात गळती शोधायची, उन्हात बुजवायची. तोवर पातेलं ठेव.”

अडकलेल्या दाराचेही तेच. त्याआधी आम्ही एका सुताराकडून जुलैमध्येच दार भरपूर रंधून घेतले होते. दिवाळीनंतर पाहतो तर फटीतून पाल आरामात आत-बाहेर करत होती! का झाले असेल असे? लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच समजा. हवेतला दमटपणा पिऊन त्या नळ्या जाड होतात, पण लांब मात्र जवळजवळ होत नाहीत. म्हणून दार रुंदीला फुगते, उंचीला नाही. हवा कोरडी झाली की ते पुन्हा आखडते. फुगलेल्या दाराकडे पाहून रंधा मारला तर हात हमखास जास्त चालतो. शिवाय ओले लाकूड नीट रंधले जात नाही आणि त्यावर रंगही धरत नाही.

अण्णांनी दुसऱ्या अडकणाऱ्या दाराला, घासते तिथे पेन्सिलीने खूण केली, कडेला मेणबत्ती घासली आणि म्हणाले, “आता याला थंडीत बघू.”

आश्विन : चुना आणि खळे

दुसरी फेरी दिवाळीच्या आधीची. पावसाने भिंतींवर हिरवट-काळी बुरशी धरलेली असते. तेव्हा चुना काढायचा.

कळीचा चुना तुम्ही पाहिला आहे का? पांढरे खडे असतात. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजून ते करतात. त्यावर पाणी ओतले की खदखदू लागते, वाफा येतात. विस्तव नसताना! पाणी आणि चुना यांच्या संयोगातून ती उष्णता बाहेर पडते. हे काम मोठ्यांचेच. मुलांनी लांब उभे राहायचे, कारण चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. अण्णा स्वतःसुद्धा चष्मा लावल्याशिवाय चुन्याजवळ जात नाहीत.

भिंतीवर लावल्यावर चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड वायू घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा पुन्हा दगड! ओला असताना चुना फिका दिसतो आणि वाळत जाईल तसा पांढराशुभ्र होतो. घाईने दुसरा हात मारायचा नसतो. बुरशीलाही चुना मानवत नाही.

इकडे अंगणात मुकादम असते माझी आई. पावसाने उखडलेले अंगण खणून, माती सारखी करून, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचे आणि मग शेणाने सारवायचे. कोकणात याला खळे करणे म्हणतात. आई चोपण्याच्या आवाजावरून सांगते, “इथं अजून पोकळ आहे.” तिच्या हाताखाली माझी दोन्ही मुले आणि शेजारची चार पोरे राबतात. सारवण वाळल्यावर त्यावर पहिली रांगोळी काढण्याचा मान नातीचा.

पौष : रंधा

थंडीतली फेरी लाकडाची. आता दार पुरते सुकलेले असते. आषाढातल्या पेन्सिलीच्या खुणेवर अण्णा रंध्याचे दोन-तीनच हात मारतात. मग खरे काम सुरू होते. दाराच्या ज्या कडेला रंग नाही, तिला जवसाचे तेल पाजायचे. वरची आणि खालची कड तर रंगारी हमखास विसरतात, आणि तिथूनच लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते. कड बंद केली की पुढच्या पावसात दार कमी फुगते. गेली तीन वर्षे ते दार अडकलेले नाही. पालीलाही आता दुसरी वाट शोधावी लागली आहे.

याच फेरीत अण्णा भिंतीच्या पायाशी वाळवीच्या मातीच्या वाटा शोधतात. माझ्या मुलाला त्यात गुप्तहेर झाल्यासारखे वाटते.

वैशाख : घर शाकारायचे

चौथी फेरी सर्वांत महत्त्वाची. मोसमी पाऊस सरासरी १ जूनला केरळात येतो आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो. आम्ही मधे कुठेतरी. म्हणून मेअखेर घर शाकारून झालेच पाहिजे. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या आणि पन्हळीतला पाला काढायचा.

आमची कौले मंगळुरी. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे पसरली. एक कौल दोन-अडीच किलोचे असते. त्याला खालून नाक असते, ते रिपेला अडकते. कडेला खाचा असतात, त्या शेजारच्या कौलात बसतात. वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, म्हणून पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत पागोळ्यांपर्यंत जाते. ना खिळा, ना सिमेंट!

आता जे सांगते, ते सांगताना मला अजूनही कसेसे होते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात अण्णा नेहमीसारखे छपरावर चढले. दुपारची वेळ होती. एकदम ‘कडाड्’ असा आवाज झाला. पायाखालचे कौल फुटले आणि अण्णांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. त्यांनी वासा धरला म्हणून बचावले. नडगी सोलून निघाली होती. आम्ही त्यांना खाली उतरवले. मी घाबरले होते, पण तोंडातून निघाला तो राग. “अण्णा, बस्स झालं! उद्यापासून छपरावर पाय ठेवायचा नाही.”

अण्णा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी पाहते तर ते हत्यारे पुसून पिशवीत भरत होते. मी विचारले तर म्हणाले, “मग माझं इथं काय काम? सकाळच्या गाडीनं जातो.”

मुलांनो, माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांनी छपरावर चढू नये हे माझे म्हणणे चूक नव्हते. पण ते मी जसे म्हटले, त्यातून त्यांना ‘तुम्ही आता नकोत’ असे ऐकू आले होते.

वाट काढली ती माझ्या सहावीतल्या मुलीने. सकाळी कौलवाले आले. माझे यजमान त्यांच्याबरोबर वर चढले. मुलगी खाली एकेक कौल उचलून देत होती. पिशवी घेऊन अंगणात बसलेल्या आजोबांपुढे तिने एक कौल धरले. “आजोबा, हे चांगलं आहे का हो? मला कळत नाही.”

अण्णांनी कौल हातावर तोलले आणि बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली. ‘टण्ण!’ “चांगलं आहे.” तिने दुसरे दिले. ‘बद्द!’ “बाजूला ठेव. आत बारीक चीर आहे.” तिसरे, चौथे... ती देत गेली, ते वाजवत गेले. तेवढ्यात धाकट्याने खुर्ची आणून ठेवली. आईने न सांगता चहा पाठवला. सकाळची गाडी कधीच निघून गेली होती.

त्या दिवशी छपरावर चढलेले प्रत्येक कौल अण्णांच्या हाताखालून गेले. दुकानातून नव्याने आणलेल्या पन्नासांतली तीन कौलेही बद्द निघाली! डोळ्यांना ती अगदी धडधाकट दिसत होती. वरून कौलवाला हाक मारू लागला, “आजोबा, पुढचं पाठवा!” दुपारपर्यंत माझी मुलगीही टण्ण आणि बद्द ओळखायला शिकली.

रात्री अण्णांनी आपली वही तिच्या हातात दिली. “मी सांगतो, तू लिही. माझं अक्षर आता हलतं.”

तुमच्यासाठी एक वही

तुमचेही आजी-आजोबा घरात काही ना काही दुरुस्त करत असतील. कुणी गॅसच्या शेगडीचे बर्नर साफ करते, कुणी गोधडी शिवते, कुणी गळक्या नळाचा वायसर बदलते. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, तर पावसाआधी गच्चीवरच्या पाणी जायच्या तोंडाशी साठलेला पाला कोण काढते, पाण्याची टाकी कधी धुतली, खिडकीखालच्या भिंतीला कुठे ओल येते, हे आजोबांना विचारा. एक वही करा. त्यात महिना लिहा, काय बिघडले ते लिहा आणि कसे नीट केले ते लिहा. शिडी धरणे, खिळे मोजणे, बॅटरी दाखवणे ही कामे तुमची. छपरावर, गच्चीच्या कठड्यावर किंवा विजेच्या बटणांशी मात्र एकट्याने जायचे नाही.

आणि हे पालक वाचत असतील, तर दोन शब्द त्यांच्यासाठी. वडिलांना बोलावताना ते फुकटचे कारागीर नाहीत हे लक्षात ठेवू या. जड आणि उंचावरचे काम आपण करावे. पण ते काढून घेताना त्यांच्या हाती दुसरे, तितकेच मोलाचे काम द्यावे. मी ते विसरले होते, माझ्या मुलीला ते न शिकवता कळले.

या वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आला. आम्ही सगळे अंथरुणात जागे होतो, कान देऊन ऐकत होतो. पलंगावर टप टप नाही. माजघरात नाही. मुलगी बॅटरी घेऊन घरभर फिरून आली आणि वहीत लिहू लागली : ‘पहिला पाऊस. गळती एक. पोटमाळ्याच्या उजव्या कोपऱ्यात. खडूची फुली मारली.’

सकाळी तिने फोन करून आजोबांना ते वाचून दाखवले. मला वाटले, आता हिरमुसतील.

पलीकडून अण्णांचा खणखणीत आवाज आला, “एक आहे ना? मग आषाढात येतो!”