आधी पाणी पाळा, मग मासे

लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात पुट्टीने बसवलेल्या काचा, तळाशी रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या आणि झाकणात लावलेला पिवळा बल्ब. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांच्या लहानपणची फिश टँक साधारण अशी असायची. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीत ते पाहून आलेल्या किती मुलांनी घरी टाकीसाठी हट्ट धरला असेल, याची मोजदाद नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा छंद वर्ष-दोन वर्षांत आटोपला. कारण एकच, मासे टिकत नव्हते.

तीच मुलं आता आजी-आजोबा व्हायच्या वयात पुन्हा माशांकडे वळताना दिसतात. मुलं शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेरगावी, निवृत्ती तोंडावर, कुत्र्याला रोज फिरवून आणण्याइतकी गुडघ्यांत ताकद नाही. मग दिवाणखान्यात एक टाकी असावी असं वाटतं. दुकानात सगळं बदललेलं असतं. सिलिकॉनने चिकटवलेल्या बिनचौकटीच्या काचा, एलईडी दिवे, आवाज न करणारे फिल्टर, आपोआप चालू-बंद होणारे हीटर. सामान नवं घरी येतं, सवयी मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्याच राहतात. मासे पुन्हा आठवड्याभरात मरू लागतात.

सर्वांत घातक जुनी सवय म्हणजे रविवारची धुलाई. मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, खडे आणि फिल्टर नळाखाली खसाखसा धुवायचे, क्वचित साबणही लावायचा आणि लखलखीत टाकीत ताजं पाणी भरून मासे परत सोडायचे. पाणी काचेसारखं दिसायचं. मंगळवार-बुधवारपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागायचे. मग 'पाणी मानवलं नाही', 'दुकानदाराने आजारी मासा दिला', 'नजर लागली' अशी कारणं निघायची. खरं तर त्या रविवारी टाकीतली अर्धी जीवसृष्टी मोरीत वाहून गेलेली असायची.

हे समजून घ्यायला माशाच्या लघवी-शौचाचा विचार करावा लागतो. अन्नातली प्रथिनं वापरून झाली की उरणाऱ्या नायट्रोजनचा अमोनिया बनतो. माणसाचं यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया वाढला की तो असंबद्ध बोलू लागतो, गुंगीत जातो. वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. मासा युरियाच्या भानगडीत फारसा पडत नाही. तो अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. नदीत हे चालून जातं, कारण पाणी अफाट असतं. साठ लिटरच्या टाकीत मात्र माशाचं न्हाणीघर, शौचालय आणि शयनगृह एकच. उरलेलं खाद्य कुजून त्यात आणखी भर पडते.

टाकीत माशांना वाचवतात ते जिवाणू. नायट्रोजनवर जगणारे हे जीव सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असतं. ते वनस्पती शोषतात किंवा पाणी बदलून काढून टाकता येतं. दोन्ही कामं एकटाच करणारा जिवाणू असू शकेल, हे बराच काळ फक्त कागदावर होतं. तो २०१५ साली प्रत्यक्ष सापडला आणि त्या वर्षीच्या दोन शोधांपैकी एक होता मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला! हे जिवाणू पाण्यात तरंगत फिरत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर बुळबुळीत थर करून राहतात. म्हणजे रविवारी आपण घासून काढायचो तोच थर. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरिन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं; ते चांगला-वाईट असा भेद करत नाही.

नव्या टाकीत हा थर नसतो. तो तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले तर आधी अमोनिया चढतो आणि कल्ले पोळतात. काही दिवसांनी तो उतरू लागतो, मालकाला हायसं वाटतं आणि तेवढ्यात नायट्राइट चढतं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, ज्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. माशाचं रक्त चॉकलेटी होतं आणि भरपूर बुडबुडे चालू असतानाही तो गुदमरतो. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळं निळी पडतात, त्यामागेही हीच रासायनिक क्रिया असते. त्या अवस्थेत माणसाला शिरेतून देतात ते मिथिलिन ब्लू माशांच्या दुकानातही निळ्या बाटलीत मिळतं, हा योगायोग गमतीचा आहे. टाकीत मात्र ते उठसूट ओतू नये, कारण त्याने उपयोगी जिवाणूही दगावू शकतात. तोच नियम पिवळ्या कॅप्सूल फोडून टाकण्याला. माशांच्या नावाखाली घरोघरी टेट्रासायक्लिन पाण्यात सोडणं हा प्रतिजैविकांच्या गैरवापराचा असा कोपरा आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही.

तेव्हा परतणाऱ्याने पहिले सहा आठवडे मासे न आणता पाणी पाळावं. टाकी भरावी, क्लोरिन घालवणारं द्रावण घालावं, फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकावं. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर मुदत बरीच कमी होते. दह्याला विरजण लागतं तसंच हे. थेंब टाकून रंग पाहायचं तपासणी किट घ्यावं आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर दोन-तीन मासे आणावेत. बाकीचे हळूहळू. नंतर दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं आणि स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळावा. खडे घासायचे नाहीत. ज्याला लखलखीत टाकीची हौस आहे त्याने काच पुसून हौस भागवावी.

या सहा आठवड्यांत एक गोष्ट हमखास विसरली जाते. मासे नसलेली, उघडी, स्वच्छ पाण्याची टाकी म्हणजे डेंग्यूच्या एडिस डासाला आयतं बाळंतघर. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा त्याचा प्रवास उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. टाकीवर बारीक जाळी किंवा घट्ट झाकण हवं आणि फिल्टरने पाण्याचा पृष्ठभाग हलता राहायला हवा. पावसाळ्यात तर हवंच हवं.

मासे कोणते घ्यावेत हे ठरवताना रंगापेक्षा घरच्या नळाकडे बघणं शहाणपणाचं. धरणाचं पाणी बहुधा मृदू असतं; निऑन टेट्रा, एंजल यांना ते मानवतं. बोअरवेलचं पाणी जड आणि अल्कधर्मी असेल तर गप्पी आणि मोली सुखात राहतात. जड पाण्याचा एक धोका आकड्यांत सांगण्यासारखा आहे. २५ अंश तापमानाला, सामू म्हणजे पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. तेवढीच घाण, दहापट विष. यावर उपाय म्हणून काही जण आरओचं पाणी भरतात. त्यात क्षार जवळपास उरत नाहीत आणि सामू कधीही घसरू शकतो, म्हणून नुसतं आरओ नको.

गोल्डफिश उष्णकटिबंधीय मासाच नव्हे. तो थंड पाण्याचा, वीतभर वाढणारा आणि भरपूर घाण करणारा जीव आहे. काचेच्या गोल बरणीत त्याला ठेवणं म्हणजे हळूहळू विष देणं. फायटर हवेतूनही श्वास घेऊ शकतो म्हणून बरणीत तग धरतो, पण तग धरणं म्हणजे बरं असणं नव्हे. शेवाळ खातो म्हणून दुकानदार गळ्यात मारतो तो सकर मासा फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा झाला की कुणीतरी तो नदीत सोडतं. भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारा मासा हाच. तो विकत घेण्याआधीच, मोठा झाल्यावर परत घेणार का, हे दुकानदाराला विचारून ठेवावं.

महाराष्ट्रातला उन्हाळा हा वेगळा प्रश्न. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३३ अंशांना सातच्या किंचित वर. घट थोडी वाटते, पण उष्णतेने माशाची गरज त्याच वेळी वाढलेली असते. टाकीला थेट ऊन नको, झाकण उघडून जाळी लावावी, छोटा पंखा पाण्यावर सोडावा. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप उपयोगी पडतो. बंद डब्याचा फिल्टर कित्येक तास थांबला असेल तर तो तसाच सुरू करू नये; आतले जिवाणू प्राणवायूअभावी मेलेले असतात आणि सगळी घाण एकदम टाकीत येते.

आता पाळणाऱ्याच्या तब्येतीकडे. टाकीकडे पाहून रक्तदाब उतरतो का? १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आरन कॅचर आणि सहकाऱ्यांनी दातांच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना मत्स्यपेटीसमोर बसवलं, तेव्हा त्यांची भीती कमी झाल्याचं आढळलं. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मत्स्यालयातली एक मोठी टाकी रिकामी करून पुन्हा भरली जात होती, ती संधी साधून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टाकीत मासे वाढत गेले तशी पाहणाऱ्यांच्या हृदयाची गती अधिक उतरली. पण हे काही मिनिटांचे परिणाम आहेत. २०१९ साली अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा तोकडाच ठरला. मन रमतं हे नक्की, रक्तदाबाची गोळी मात्र चालूच ठेवायची.

शंभर लिटरची टाकी काच-खड्यांसह सव्वाशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती शोकेसच्या फळीवर नको. भरलेल्या बादल्या वाकून उचलण्याऐवजी लांब पाइपने पाणी मोरीत सोडावं. तो पाइप तोंडाने ओढून सुरू करण्याची खोड सोडावी. घोटभर पाण्याबरोबर जुलाबाचे जंतू पोटात जातात. हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचे स्विच बंद करावेत, वायर प्लगखाली झोळ देऊन लोंबती ठेवावी म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडतो.

आणि हातांबद्दल. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जिवाणूचा चुलतभाऊ. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत त्याचं पहिलं वर्णन झालं. बोटाला चीर किंवा खरचटलेलं असेल तर टाकीत हात घालताना तो आत शिरतो. दोन ते चार आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, बोटावर किंवा मनगटावर लालसर, फारशी न दुखणारी गाठ येते. काहींना हातावर वर चढत जाणारी गाठींची रांग दिसते. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. पण दुर्लक्ष झालं तर तो स्नायुबंधांच्या आवरणात आणि सांध्यात उतरतो. संधिवात समजून त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं तर आणखी पसरतो.

निदान लांबण्याचं कारण साधं आहे. या जिवाणूला ३० अंशांच्या आसपासचं तापमान आवडतं, म्हणून तो हाताच्या थंड त्वचेत वाढतो आणि प्रयोगशाळेत नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात दिसतच नाही. तुकड्याच्या तपासणीत क्षयासारखं चित्र दिसलं की आपल्याकडे त्वचेचा क्षय म्हणून औषधं सुरू होण्याची शक्यता मोठी. त्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या जिवाणूवर चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन यांपैकी सहसा दोन औषधं तीन-चार महिने घ्यावी लागतात, हाडापर्यंत गेलं असेल तर त्याहून जास्त.

मधुमेह असणाऱ्यांनी, तसंच संधिवातासाठी बायोलॉजिक औषधं किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालूनच टाकीत हात घालावा. इतरांनीही हाताला जखम असेल तर घालू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. बोटावरची गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना घरात फिश टँक आहे हे आपणहून सांगावं, कारण ते विचारायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुकडा तपासायला पाठवताना चिठ्ठीवर तेवढं लिहिलं, तर प्रयोगशाळा एक नमुना ३० अंशांवरही ठेवते.